गलफदव परसनन

सोसायटीच्या भानुमती वरळीकर फोनवर म्हणाल्या,
परवाने उतरले, पण सगळ्यांचं नाव एकच आहे:
नुसत्या आडव्या रेघा, पुढे कंसात आकडा.
चौदा होड्या, एकीलाही नाव नाही.
यातली जोमा नाखव्याची कुठली, सांगा तुम्हीच.

मी लोअर परळला, नवव्या मजल्यावर.
खिडकीतून वरळीचा समुद्र बोटभर दिसतो,
होड्या दिसत नाहीत.
म्हटलं, संध्याकाळपर्यंत करतो.

सर्व्हर अनोळखी अक्षरांना घाबरतो.
त्याला सांगितलं, अक्षर असेल तर सोड.
त्यानं तंतोतंत ऐकलं.
काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायची ती तिरकी रेघ
त्याच्या लेखी अक्षरं नव्हेतच, अंगाला चिकटलेला गाळ.
इथून 'गोल्फादेवी प्रसन्न' निघाली,
तिकडे पोचली 'गलफदव परसनन'.
भानुमतीबाई आधी खूप हसल्या.
मग म्हणाल्या, कवळी काढून ठेवल्यासारखं वाचतंय हो.
देवीचं आहे ते.

दुसऱ्या दिवशी दुसरा उपाय.
ग ला तीन टक्के, ओकाराला तीन, ल ला तीन.
मराठी टक्का घसरला म्हणून सभा घेतात,
त्यांना दाखवायला हवं होतं:
एकट्या गोल्फादेवीत तीस टक्के भरले,
आणि नाव कुणालाच वाचता येईना.

शेवटी सापडलं ते एवढंसं.
फाइलनेमच्या शेपटाला एक चांदणी,
मग यूटीएफ-एट, मग दोन अवतरणं, एकेरी,
मध्ये काहीच नाही.
त्या मधल्या जागेत खरं तर भाषेचं नाव लिहायचं असतं.
कुणी लिहीत नाही.
मीही रिकामीच ठेवली.
चाललं. पूर्ण नाव गेलं, जोडाक्षरांसकट.

फक्त नाखव्याच्या जुन्या फोनवर अजून टक्केच येतात.
तो तक्रार करत नाही, म्हणाल्या बाई,
होडीवर रंगवलंय की, म्हणतो.

शनिवारी कोळीवाड्यात गेलो, उगाच.
सुकायला घातलेल्या जाळ्यांपलीकडे
नाखवा पेंटरवर ओरडत होता.
निळ्या फळीवर पिवळा रंग ओला होता:
गोल्फादेवी प्रस
आणि पुढे होडीचं नाक.
पेंटर ब्रश पुसत म्हणाला,
जागाच संपली, शेठ, मी काय करू?

मी पुढे झालो नाही.
हेच कारण मी गेल्या मार्चमध्ये दिलं होतं,
दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला.