जमेची बाजू

शेवरेबंदर नगरपंचायतीत
कचऱ्याचं खातं उघडलं, तेव्हा वही मीच आखली.
खर्चाचे रकाने आठ.
जमेची बाजू आखलीच नाही.
कचऱ्याला कसली आलीय जमा?

डंपर, डिझेल, ठेकेदाराचं बिल,
घाट चढून एकेचाळीस किलोमीटर जाणारं
माशाचं पाणी, नारळाची सोडणं,
आणि वळणावळणावर ठिबकत गेलेला आपला गाव.

त्याआधी तर खाडीच्या तोंडाशीच टाकायचो.
ओहोटी न्यायची, भरती आणून द्यायची,
तीच पिशवी, तीच गाठ.
आत्माराम मुकादम म्हणायचे,
"दर्या उधारी ठेवणा नाय."

मग पुण्याहून एक जण यंत्राचा कॅटलॉग घेऊन आला.
अठरा लाख, अधिक कर.
फोटोतलं यंत्र हिरवं,
फोटोतला कचरासुद्धा धुतलेला.
सभेत चहा झाला, बिस्किटं झाली,
आणि दाराशी उभ्या भामाबाई कुबल
(बाजारपेठ झाडतात; थकलेल्या पगाराचं विचारायला आल्या होत्या)
म्हणाल्या, "ह्या यंत्राक कळतला काय,
करवंटी खंयची नि सुंगटाची सालां खंयची?"
सगळे हसले.
मी हसलो नाही, मी हिशेब करत होतो.

पाडलेल्या जकात नाक्याचे चिरे पडून होते.
त्यांचे सहा हौद बांधले, मजुरी बावीस हजार.
वर माडाची झापं.
ओलं हौदात, मधे पाला, मधे शेण.
सोडणं काथ्याच्या बचत गटाला.
खवलं-आतडी बागायतदार नेतात,
कलमांच्या मुळाशी पुरतात.
फाटकी जाळी, बाटल्या, पुठ्ठे
युसूफ होडेकरांच्या भंगारात.
ते मापात मारतात असं गाव म्हणायचं,
म्हणून काटा आपला आणला,
बंद पडलेल्या रेशन दुकानातला.
अर्धा किलो कमी दाखवतो.
ते त्यांनाही माहीत आहे, मलाही.

फेब्रुवारीत भामाबाईंचं बोट कापलं.
शिळ्या भातात ब्लेड.
कुणाचं, ते बघायला त्यांनी पिशवी उलटी केली:
चहाचा चोथा, केसांच्या कलपाचं पाकीट,
आणि चार तुकडे केलेला एक कागद,
वर नगरपंचायतीचा शिक्का,
खाली, नागरिकांनी ओले-सुके वेगळे करावे, अन्यथा
मसुदा माझा. खाडाखोड माझी. कलपही माझाच.

त्या काही बोलल्या नाहीत.
तुकडे माझ्या टेबलावर जुळवून ठेवले,
वारा लागू नये म्हणून
वर पेपरवेट.

मी पावतीपुस्तक फोडलं. क्रमांक एक.
दंड, रुपये पन्नास.
देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याची सही,
दोन्हीकडे मी.
त्या दिवशी वहीत जमेची बाजू आखली.
पट्टी सरकली, रेघ तिरकी आली.
टाक्यांसाठी रकाना नव्हता.
चार पडले.

आता लेखापरीक्षकांचा आक्षेप आला आहे:
गांडूळखत विक्री, रुपये चार हजार तीनशे दहा,
कोणत्या लेखाशीर्षाखाली आणि कोणाच्या आदेशाने?
उत्तर लिहितो आहे.
तीन मसुदे फाडले. सुक्यात टाकले.

आज ओलं सहाशे बारा किलो,
सुकं एकशे अठ्ठ्याऐंशी,
कशातच न बसणारं तेवीस:
डायपर, गुटख्याच्या पुड्या,
डाव्या पायाचा एक गमबूट.
मुकादम विचारतात, "ह्या कोणाच्या नावार घालूचा?"
खिडकीबाहेर भरती लागली आहे.
तेवीसच्या आकड्यावर पेन टेकवून
मी बसलो आहे.