प फ ब भ म

आडवी नको, गेंदा. उभी धर.
डोकं कोपराच्या वळणात, पाठ ताठ,
जणू तीच तुला काहीतरी विचारतेय
आणि तू ऐकून घेतेयस.
हां. अशी.

आता बोंडलं.
वॉर्डातलं स्टीलचं दिवाळीपासून सापडत नाही,
हे माझ्या घरचं, चांदीचं.
चोचीला पोचा आहे तो माझ्या भावाच्या पहिल्या दातांचा.
वीस मिनिटं उकळलंय, घाबरू नकोस.
चोच गालाच्या आत टेकव, फट नाही त्या बाजूला,
आणि थेंब.
ओतायचं नाही. तिनं गिळलं की दुसरा.
तू गळ्याकडे बघ, घड्याळाकडे मी बघते.

नाकातून आलं ना?
येणारच. टाळूला अजून छत नाही,
दूध वाट चुकतं.
थांब. खोकू दे. पूस.
बुडत नाहीये ती.
(तू बुडतेयस, दिसतंय मला.
पदर तिच्या तोंडावरून काढ आधी.)

दाराशी सासू. कसरावदहून बसने आलेली,
येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते :
गरहन में सुपारी काटी थी इने.
पहिल्या दिवशी मी रागावले तिच्यावर,
तर दोन वेळा जेवली नाही.
काल तिला आत बोलावलं.
म्हटलं, आजी, ही हवा फार गिळते,
दर पाच मिनिटांनी ढेकर तुम्ही काढायचा.
थोपटते. चांगली थोपटते,
सहा जणांना थोपटलेला हात आहे.
तेव्हापासून सुपारी जरा मागे पडलीय.

रात्री अडीच. एम.वाय.च्या फाटकाशी
रिक्षावाले मागच्या सीटवर पाय दुमडून झोपलेत.
गेंदा बसल्या बसल्या झोपली, म्हणून ही माझ्याकडे.
पंचवीस मिली, पस्तीस मिनिटं.
मध्येच झोपेत हसते,
ओठ नाकापर्यंत उघडा, त्यामुळे
हसू चेहराभर पसरतं, कुठे अडतच नाही.
टाके पडले की हे जाईल, दुसरं येईल, बरंच देखणं.
आयांना आधीचं आठवत राहतं.
एकीनं मला सांगितलं होतं, जाताना, लिफ्टपाशी,
कुणाला सांगू नका म्हणून.

रामबागेच्या शाळेत पटवर्धन बाई म्हणायच्या
ओठ मिटल्याशिवाय हे पाच निघत नाहीत.
प फ ब भ म.
आम्ही चाळीस पोरी एकमेकींचे ओठ तपासायचो.
पाणी. पोट. बाप. भूक.
हिला 'दूध' येईल म्हणायला,
'भूक' यायला ओठ शिवावा लागेल.
गेंदाच्या गावात आईला माय म्हणतात.
त्याच्या सुरुवातीलाच दार लावून घ्यावं लागतं.
आमच्यात नुसतं तोंड उघडायचं.
आ.
ई.
काहीही मिटायचं नाही.

मी म्हणून दाखवलं तिला. हळू. दोनदा.
ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली,
तिचं अख्खं उघडं तोंड घेऊन,
आणि मग मला आठवलं
खुर्चीवर कोण झोपलंय ते.

गेंदाला उठवलं. म्हटलं, घे, ढेकर राहिलाय.
राहिला नव्हता.

सकाळी काटा.
दोन किलो एकशे ऐंशी. कालच्यापेक्षा पंधरा ग्रॅम.
पाच किलोला ओठ, असं डॉक्टर म्हणतात,
टाळू पुढे, वर्षाच्या आसपास.
म्हणजे अजून किती बोंडली, हा हिशेब
मी गेंदासमोर करत नाही.
सासू विचारते, पंधरा ग्राम यानी कित्ता?
मी ट्रेमध्ये काहीतरी शोधते दाखवायला.
कापूस फार हलका, कात्री फार जड.
शेवटी सांगते, दोन सुपाऱ्या, आजी. जेमतेम.

ती कनवटीला हात घालते,
दोन काढते,
आणि तळहातावर किती तरी वेळ
वर-खाली करून बघते.