पेन्सिलीचा छाप

वडाळ्याच्या आरटीओत तांडेल साहेब
पद्मिनीच्या बॉनेटखाली वाकतात,
इंजिनावर कागद धरून पेन्सिल घासतात.
उमटलेला आकडा
पुस्तकातल्या आकड्याला ओळख दाखवत नाही.

"हे कुठलं?"
कुर्ल्याचं. आपटलेल्या झेनचं.
झुबेरनं चार रविवार घालून बसवलं,
माउंटिंग दोनदा तुटलं, तिसऱ्यांदा त्यानं
जिन्याच्या कठड्याची पट्टी कापून वेल्ड केली.
हे शेवटचं मी सांगत नाही.

सकाळीच पंपावर
पीयूसीच्या पोरानं सायलेन्सरात नळी खुपसली
तेव्हा श्वास मीच धरला होता.
सीओ शून्य पूर्णांक तीन.
"मॅडम, नव्या गाड्यांचा पण एवढा येत नाय."

धूर पास. कागद नापास.
"बिल आणा, ॲफिडेव्हिट आणा.
आणि जुनं इंजिन?"

ट्रॉम्ब्याला, हरेश भोईरच्या होडीत.
रॉकेल पितं, खोकतं,
पहिल्या झटक्याला अजूनही उठत नाही.
"त्याची पीयूसी?"
खाडीत कोण विचारतंय, साहेब.

ते हसत नाहीत.
छापाचा कागद घडी करून देतात.
"मंगळवारी. बाराच्या आत."

सायनपर्यंत स्टिअरिंगवर
माझ्या अंगठ्याचं काळं उमटत राहतं.