चार झाडं

नेवारे सरांनी फळ्यावर चार चौकटी आखल्या,
महत्त्वाचं, तातडीचं, असं काहीबाही लिहिलं,
"आपापली कामं भरा," म्हणाले,
तेवढ्यात बेल झाली.

भूमिती पहिलीत गेली.
शेळ्या, पाणी, धाकट्या रोमनची आंघोळ दुसरीत.
मोह कुठं लिहू?
तो तर पहाटे तीनपासून टपटपतो,
ऊन चढलं की गुरं येतात,
पंधरा दिवसांत झाड रिकामं.
दहावीचे पेपरही नेमके त्याच पंधरा दिवसांत.

माय म्हणते, मोव काही कोनासाठी थांबत नाही वो.
सर घड्याळाबद्दल हेच सांगतात.

आता असं करते:
टोपल्यात फूल टाकताना
प्रमेयाची एकेक पायरी पुटपुटते.
तिसऱ्या पायरीला हमखास अडते,
बॅटरी तोंडात धरलेली असते,
तळहातावर लिहिलेलं मोहाच्या रसानं पुसलेलं.

वाटणीची झाडं चार.
आज तीनच वेचली.
नाल्याकाठचं, सगळ्यात जास्त गळणारं,
तसंच सोडलं.
वास येत होता.

"तिकडचं राहिलं ना?" वाटेत इंदिराकाकूनं हटकलं.
"राहू द्या," म्हटलं,
आणि एसटीसाठी पळत सुटले.