खोट

वीज रात्री तीनला आली.
आली ती खाडकन,
आणि फिल्टरने पहिला श्वास घेतला तो
माशाच्या शेपटीसकट.

सकाळी पाहिलं तर तळाशी कलंडलेला,
शेपटीचा कोपरा जुन्या नोटेसारखा फाटलेला,
उजव्या अंगाचे पाच खवले गायब.
मोजले मी. मोजणं सुटत नाही.

एकतीस वर्षं हेच केलं,
नाशिकरोडला, प्रेसमध्ये.
छापून आलेला ताव उजेडात धरायचा,
शाई फुटली का, रेघ सरकली का, अंक वाकडा बसला का,
आणि खोट दिसली की लाल पेन्सिलची फुली.
फुलीनंतर त्या तावाचं काय होतं
ते बघायला मला कुणी बोलावलं नाही.
मीही गेलो नाही.

हा मासा तसा आमचा नव्हेच.
वरच्या खोलीतला प्रणित, अंबडच्या कारखान्यातला,
बदली होऊन होसूरला गेला
आणि टाकी जिन्याच्या वळणावर ठेवून गेला.
"काका, पंधरा दिवस फक्त."
त्याला दोन हिवाळे झाले.

बिटकोजवळच्या निसारभाईंनी
फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, चुकचुकले.
"वेगळा ठेवा. खडे मीठ, साधं, आयोडीनवालं नको.
नळाचं पाणी रात्रभर उघडं राहू द्या.
देशी बदामाचं वाळकं पान टाका एक.
बाटली देतो, पण घाई करू नका.
लोक माशाला औषधानेच मारतात."

कॉलनीतल्या बदामाखाली मी,
साठी उलटलेला, कानटोपी घातलेला,
पहाटेच्या नऊ अंशांत
पानं उलटीसुलटी करत उभा.
डाग नसलेलं, कीड नसलेलं, पाखरं न शिटलेलं.
खैरनारांनी गेटातून विचारलं, काही हरवलं का?
म्हटलं, पान बघतोय.
ते पुढे काही बोलले नाहीत.

साबण कधीच न लागलेली बादली घरात एकच,
कुमुदची, कुरडयांचा गहू भिजवायची.
ती दिली तिने. देताना म्हणाली,
"माझ्या गुडघ्याला तीन वर्षांत
एकदा तरी मिठाचं पाणी कोमट केलंत?"
हे खरं होतं,
म्हणून मी मीठ मोजत राहिलो.
दहा लिटरला दोन चमचे, सपाट.

जाळीत आणखी सोलला असता,
म्हणून वरणाची वाटी पाण्यात बुडवली आणि थांबलो.
ढकलायचं नाही.
वाटी फक्त तिथे असू द्यायची.
कुकरच्या दोन शिट्ट्या गेल्या, तिसरी गेली.
मग तो आपणच आत सरकला,
बसमधल्या रिकाम्या जागेवर
एखादा म्हातारा कुणाकडे न बघता सरकावा तसा.

पाच दिवस चहाच्या रंगाचं पाणी.
निम्मं काढा, निम्मं घाला.
पहिल्या दिवशी खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी नाही.
तिसऱ्या दिवशी मटाराचा दाणा, वाफवलेला, साल काढलेला:
तोंडात घेतला, थुंकला,
परत घेतला.
"कुमुद!" असा ओरडलो मी
जसा पगारवाढीलाही ओरडलो नव्हतो.
ती गुडघा धरत आली.
वाकलो दोघं. बादलीत दोन डोकी,
आणि त्यांच्या मधून जाणारा
थोडासा नारिंगी.

आता महिना झाला. शेपूट भरून आली आहे.
काठाला पांढरी दोरी,
एक रेघ सरकलेली,
डावी बाजू उजवीपेक्षा आखूड.
ट्यूबलाइट लावून, चष्मा कपाळावर ढकलून पाहतो:
उभ्या नोकरीत असा ताव मी सोडला नसता.
लाल पेन्सिल अजून खिशाला असते,
दूधवाल्याचे खाडे मांडायला.

कुमुद आतून विचारते,
बादली मोकळी झाली ना?
झाली, म्हणतो. मीठही उरलंय.
पाणी गॅसवर ठेवतो, कोमट होईस्तोवर,
आणि गुडघ्याला किती चमचे
हे कुणाला विचारायचं
ते कळत नाही.