एकास पाचशे

नकाशावर दोन तपकिरी रेषा,
मधे जेमतेम एक मिलिमीटर.
पट्टी ठेवली. काढली. पुन्हा ठेवली.
वीस मीटरचा चढ, पंचवीस मीटरचं अंतर,
उभं भागिले आडवं: शून्य पूर्णांक आठ दशांश.
कोन एकोणचाळीसच्या आतबाहेर.
एवढ्या उतारावर बर्फ बसतं,
पण मांडी घालून बसत नाही.

आणि बरोबर त्याखाली, टिंबाएवढं,
नेककदमचं घर.

दुशान्बेच्या कचेरीत हे सोपं होतं.
दुरून डोंगर साजरे, कागदावर तर आणखीच.
मी लाल पेन्सिल फिरवली
आणि चहा प्यायला उठले.

मग दोन दिवस जीपमधून बारतांगची दरी,
पुढे झुलता पूल, पुढे पायी,
आणि तो दारात उभा:
नावाचा अर्थच चांगल्या पायगुणाचा,
आणि उजवा पाय जरा फरफटत.

कोनमापक त्याच्या हातात दिलं.
एक डोळा मिटून त्यानं डोंगर पाहिला,
काटा थांबू दिला, परत केलं.
‘‘एकोणचाळीस. माझे गुडघे
चाळीस म्हणत होते.’’

मी म्हटलं, घर हलवावं लागेल.
तो म्हणाला, आधी भाकरी खा.

खोरोगच्या शाळेत सावसन बाई सांगायच्या,
आडव्या रेषेचा चढ शून्य,
आणि उभ्या रेषेचा? शून्यानं भागता येत नाही,
म्हणून त्याला नावच नाही.
मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला होता,
आमच्या घरामागे आहे तशी रेषा,
तिला आम्ही ‘मामाला नेलेली’ म्हणतो.
वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

जेवण झाल्यावर नेककदम मला पाटावर घेऊन गेला.
कड्याच्या कमरेला कोरलेला, हातभर रुंद,
पाणी इतकं सावकाश की
जर्दाळूचं पान टाकलं तर
ते आधी विचार करतं.
‘‘अकरा वसंत लागले,’’ तो म्हणाला.
‘‘पातळी कुणी काढली?’’
‘‘पाण्यानं. मी पुढे खोदायचो, ते मागून यायचं.
थांबलं तर मी चुकलो. धावलं तरी मीच चुकलो.’’

मी माझं यंत्र लावलं, दुपारभर.
तीन किलोमीटरमध्ये सहा मीटर.
एकास पाचशे.
इतका कमी की डोळ्याला सपाट,
इतका पुरेसा की खाली सत्तावीस घरं,
जव, सफरचंदं, एक शाळा, दोन म्हाताऱ्यांचं भांडण.

रात्री कंदिलाशी नकाशा उलगडला
आणि पाट शोधत बसले.
नव्हता.
वीस मीटरला एक रेषा काढणाऱ्या माझ्या कागदावर
त्याचे सहा मीटर
दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत
सगळेच्या सगळे मावले होते.

जो उतार गाडून टाकेल तो मी लाल रंगवला होता.
जो जगवतो, तो मोजायला
माझी पट्टीच जाड.

सकाळी निळी पेन्सिल दिली त्याला.
त्यानं रेघ काढली, थोडी थरथरती,
मधेच एकदा वर गेली.
‘‘इथं पाणी वर चढतंय,’’ मी म्हटलं.
‘‘नाही,’’ तो म्हणाला, ‘‘तिथं मला ठसका लागला.’’

या उताराला उतारा नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.
ऑक्टोबरात त्यानं घराच्या तुळया सुट्या केल्या,
पाच खांब, धुरानं काळे,
गावानं मिळून टेकाडापलीकडे वाहिले.
पण त्याआधी महिनाभर
पाट तिकडे न्यायला तो रोज कुदळ घेऊन निघायचा,
वय उताराला लागलेलं,
एक पाय फरफटत.

शेवटचं पाहिलं तेव्हा वाकलेला होता.
चार घाव घालायचा,
थांबायचा,
आणि मान वळवून पाहायचा
मागून येतंय का.