एक नंबर

पोरीनं काचेवर काळा-पांढरा चौकोन चिकटवला
अन् म्हणाली, बाबा, मागत जा.
कसं मागायचं, ते नाही सांगितलं.

इतवारीत एकोणतीस उन्हाळे कूलर बांधतो मी.
उधारीसुद्धा दोनदा मागितली नाही कोणाला.
आता तारे मागू?

मेच्या ऐन दुपारी हेडाऊ गुरुजी आले,
कूलर रिक्षात घालून.
पंप बदलला. पाणी चढलं, ताट्या भिजल्या,
वाळ्याचा वास पार रस्त्यापर्यंत गेला.
तेवढ्या गारव्यात धीर केला:
"गुरुजी, इथं जरा दोन शब्द..."
चष्मा कपाळावर, फोन नाकाशी,
एका बोटानं लिहीत राहिले कितीतरी वेळ.

रात्री पोरगी भडकली. एकच तारा!
खाली, काना-मात्रा न चुकवता, लिहिलं होतं:
"कुंभलकरचे काम एक नंबर.
म्हणून एक दिला."

फोन लाव, म्हणते, पाच करायला सांग.
काहून सांगू?
सातवीत त्यांच्याच वर्गात होतो मी.
पोरं अठ्ठेचाळीस.
माझा नंबर सत्तेचाळीस,
तोही बबन्या तापानं पडला होता म्हणून.